राजपूतला कुठल्या सालचा रंग द्यायचा?

जहाजाचं मॉडेल करायला घेतलंय म्हटलं की आमच्या छंदातली माणसं पहिला प्रश्न विचारतात, "साल कुठलं?" घरच्यांना हा प्रश्न कळत नाही. जहाज म्हणजे जहाज, त्यात साल कसलं? पण तीस-पस्तीस वर्षं चाकरी केलेल्या युद्धनौकेचं रूप दर काही वर्षांनी पालटत असतं. तोफा उतरतात, रडार चढतं, डोलकाठी बदलते, बाजूवरचा नंबर पुसून दुसरा लिहिला जातो. मी जी करतोय तिचं तर नाव बदललं, झेंडा बदलला, देश बदलला. साल ठरल्याशिवाय रंगाची बाटली उघडता येत नाही.

करतोय ती 'राजपूत'. २०२१ मध्ये निवृत्त झालेली ब्रह्मोसवाली नव्हे. तिच्या आधीची, वाफेवर चालणारी. १९७१ च्या डिसेंबरात विशाखापट्टणमच्या तोंडाशी जिच्या डेप्थ चार्जनी, म्हणजे पाण्याखाली फुटणाऱ्या बाँबनी, पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी बुडाली असं आपण ऐकत आलोय, तीच.

माझी हयात ड्रॉइंग बोर्डावर गेली, त्यामुळे आराखडा हाती लागला की हात शिवशिवतात. १०९ मीटरचं जहाज १:३५० या प्रमाणात ३१ सेंटिमीटरच्या आसपास येतं. दिवाणखान्यातल्या शोकेसच्या फळीवर मावेल एवढंच करायची परवानगी आहे. तयार संच घेतला नाही. पांढऱ्या प्लास्टिकच्या पत्र्यातून आडवे छेद कापायचे, ते कण्यावर ओळीनं उभे करायचे आणि वर पातळ पट्ट्यांची कातडी चढवायची. सांगाडा उभा राहिला की कुठल्याही सालात जायची मोकळीक असते. नंतर नसते.

सरकारी नोकराचं असतं तसं जहाजाचंही एक सर्व्हिस बुक असतं. कुठे नेमणूक, कुठे बदली, कोणती कामगिरी, कधी सेवानिवृत्ती. साल शोधण्याच्या निमित्तानं ते वाचत गेलो.

पहिली नोंद स्कॉटलंडची. क्लाईडबँकचा जॉन ब्राउन कारखाना, जिथे 'क्वीन मेरी' आणि 'क्वीन एलिझाबेथ' या अवाढव्य प्रवासी बोटी बांधल्या गेल्या. तिथे १९४१ मध्ये कणा पडला, मार्च १९४२ मध्ये पाण्यात उतरली, ऑगस्टमध्ये ब्रिटिश नौदलात दाखल. नाव 'रॉदरहॅम', यॉर्कशायरमधल्या गावावरून. नंबर एच०९. 'आर' वर्गातली विनाशिका, आणि ताफ्याची म्होरकी. वजन १,७०५ टन, वाफेच्या टर्बाइनची ताकद ४०,००० अश्वशक्ती, वेग ताशी ३६ सागरी मैल. एवढ्याशा जहाजात एवढी ताकद कोंबायची म्हटल्यावर आत माणसांसाठी किती जागा उरत असेल ते आराखड्यात बघण्यासारखं आहे. पोटाचा मधला सगळा भाग बॉयलर आणि टर्बाइननी खाल्लेला. माणसं उरल्यासुरल्या कोपऱ्यांत.

या वर्गात एक बारीकसा बदल केला होता, तो मला फार आवडतो. आधीच्या ब्रिटिश विनाशिकांत अधिकाऱ्यांच्या खोल्या पिछाडीला असायच्या, ही शिडाच्या जहाजांपासूनची रीत. वादळात मधल्या उघड्या डेकवरून लाटा वाहायला लागल्या की अधिकारी मागे अडकून पडायचे आणि सुकाणूचा मंच पुढे. 'आर' वर्गात त्या खोल्या जहाजाच्या मध्याकडे आणल्या. आमच्या बिल्डिंगमध्ये तात्या राहतात, मालवणचे, नौदलात स्टोकर म्हणून भरती होऊन पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना हे दाखवलं तर म्हणाले, "सायबाची खोली हलवूक तीनशे वर्षां लागली. आमची मेस खंय हलवली काय?" मेस होती तिथेच होती.

४.७ इंची चार तोफा, दोन पुढे दोन मागे. या प्रमाणात एका तोफेची नळी पंधरा मिलिमीटरची होते. पितळेची तार वापरून पाहिली, पण तिला भोक नसतं, आणि भोक नसलेली तोफ लगेच डोळ्यात खुपते. शेवटी औषधाच्या दुकानातून इंजेक्शनच्या सुया आणल्या. टोक सपाट घासलं, लांबी बेतून कापली, बुडाशी कागदाची बारीक पट्टी गुंडाळून जाडी वाढवली. भिंगातून बघितलं तर नळीच्या तोंडाशी खरोखरचा काळा ठिपका दिसतो. सौ.ने सुयांचा डबा पाहून आधी मधुमेहाची शंका घेतली, मग नाद सोडला.

१९४२ चं साल घ्यावं असा मोह प्रत्येक मॉडेलवाल्याला होतो, कारण त्या काळातले छद्मरंग. निळसर, राखी, पांढरट कोनाकोनाचे पट्टे. शोकेसमध्ये फार देखणे दिसतात. पण खरं सांगायचं तर रॉदरहॅमची युद्धातली नोकरी हमालीची. ईस्टर्न फ्लीटमध्ये बदली, म्हणजे हिंदी महासागर. किलिंडिनी, त्रिंकोमाली ही तळांची नावं. ताफ्यांच्या आगेमागे राहायचं, पाणबुड्यांवर कान ठेवायचा, मोठ्या जहाजांना एका बंदरातून दुसऱ्या बंदरात सुखरूप पोचवायचं. एप्रिल १९४४ मध्ये सुमात्राच्या टोकाशी असलेल्या सबांगवर विमानवाहू नौकांनी हल्ला चढवला तेव्हा त्यांच्या भोवतीच्या विनाशिकांत ती होती. विमानवाहू नौकेच्या सोबतीला राहणं हे तिच्या नशिबात तिथपासूनच लिहिलेलं होतं.

एक मानाची नोंद मात्र आहे. सप्टेंबर १९४५ मध्ये सिंगापूरच्या नाविक तळावरच्या जपान्यांची शरणागती रॉदरहॅमच्या कप्तानानं स्वीकारली, आणि त्या तळाच्या एका दरवाजाला 'रॉदरहॅम गेट' असं नाव पडलं. १९४२ मध्ये जे सिंगापूर ब्रिटिशांनी लाजिरवाण्या रीतीनं घालवलं, तिथला दरवाजा एका दुय्यम आकाराच्या विनाशिकेच्या नावानं ओळखला जावा, हे मला गमतीचं वाटतं.

मग १९४९. युद्ध संपलेलं, ब्रिटनकडे जहाजं उदंड आणि पैसा नाही. आपल्याकडे नवं राज्य, लांबच लांब किनारा आणि जहाजं मोजकी. त्या वर्षी आपण तीन जुन्या विनाशिका घेतल्या: रॉदरहॅमची 'राजपूत' झाली, 'रेडाउट'ची 'रणजित', 'रेडर'ची 'राणा'. आद्याक्षर 'र'च राहिलं, हे कोणाच्या डोक्यातून आलं असेल त्याला माझा नमस्कार. नवा नंबर डी१४१.

इथे मॉडेलवाल्यासाठी एक खाच आहे. जुलै १९४९ मध्ये राजपूत आपल्याकडे आली तरी आपलं नौदल तेव्हा अजून 'रॉयल इंडियन नेव्ही' होतं. प्रजासत्ताक व्हायला सहा महिने बाकी. त्यामुळे त्या सहा महिन्यांतली राजपूत करायची तर नाव भारतीय, खलाशी भारतीय आणि पिछाडीला फडकणारा झेंडा मात्र ब्रिटिशांचा 'व्हाइट एन्साइन'. २६ जानेवारी १९५० ला कोपऱ्यातला युनियन जॅक गेला आणि तिरंगा आला. लाल क्रॉस तसाच राहिला. माझ्या भाच्याला वाटलं होतं की मी आताचा झेंडा लावीन, शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेल्या अष्टकोनाचा. "मामा, मस्त दिसेल!" दिसेल खरा. पण तो आला २०२२ मध्ये, तोवर राजपूत भंगारात जाऊन चार दशकं उलटली होती. तिच्या सगळ्या भारतीय नोकरीत तिच्यावर लाल क्रॉसच फडकला. तांबडी रेघ रंगवताना हात कापला तर दोष वयाचा.

पन्नासचं दशक भराभर ओलांडतो. सराव, भेटी, पोरांना शिकवणं. नौदलाची एक अख्खी पिढी या तीन 'र'वाल्यांच्या बॉयलर रूममध्ये आणि सुकाणूच्या मंचावर तयार झाली. सर्व्हिस बुकात अशा कामाला एक ओळ मिळते.

डिसेंबर १९६१. गोवा. आता हे साल मला मनापासून हवं होतं, कारण आमचं आजोळ सावंतवाडीकडचं आणि लहानपणी गोवा मुक्तीच्या गोष्टी ऐकत वाढलो. पण पाहायला गेलं तर नाविक लढाईचं श्रेय 'बेतवा', 'बियास' यांचं. मुरगावच्या बंदरात पोर्तुगीजांच्या 'आफोन्सो द आल्बुकेर्क'शी त्यांनी झुंज घेतली. अंजदीवला 'म्हैसूर' आणि 'त्रिशूळ'. राजपूत होती 'विक्रांत' या विमानवाहू नौकेच्या सोबतीच्या जहाजांत, किनाऱ्यापासून पाऊणशे मैलांवर. बाहेरून कोणी मदतीला येऊ नये म्हणून तिथे उभं राहायचं. कोणी आलं नाही. काम फत्ते झालं, म्हणजे काहीच घडलं नाही.

तात्यांचं यावर म्हणणं असं की नौदलातली निम्मी कामं हीच असतात, आपण तिथे होतो म्हणून जे झालं नाही ते. त्याला पदक नसतं.

विक्रांतच्या सोबतीची ही राजपूत दहा वर्षांनी स्वतःच विक्रांत झाली. इथून पुढे सावकाश जाऊ.

१९७१ मध्ये पूर्व नौदल विभागाचे प्रमुख होते व्हाइस ॲडमिरल नीळकंठ कृष्णन, मुक्काम विशाखापट्टणम. त्यांच्याकडे विक्रांत होती, पण एका बॉयलरला तडा गेलेला, त्यामुळे वेग सोळा सागरी मैलांच्या आसपास अडकलेला. विमानवाहू नौकेला वाऱ्यात जोरात धावावं लागतं तेव्हा कुठे विमानं उडतात. अशा लंगड्या नौकेवर पाकिस्तानचा डोळा होता, आणि बंगालच्या उपसागरापर्यंत पोचेल अशी पाणबुडी त्यांच्याकडे एकच होती: गाझी. बाकीच्या फ्रेंच बनावटीच्या पाणबुड्या नव्या, पण त्यांचा पल्ला तेवढा नव्हता.

गाझीचंही सर्व्हिस बुक पाहिलं. मूळची अमेरिकेची 'डायब्लो', १९४५ मध्ये दाखल झालेली, १९६४ मध्ये पाकिस्तानला भाड्यानं दिलेली. म्हणजे दोघीही दुसऱ्या महायुद्धातल्या, दोघीही सेकंडहँड, दोघींचीही नावं बदललेली.

१४ नोव्हेंबरला गाझी कराचीहून निघाली. विक्रांतला अंदमानात हलवण्यात आलं, तिथल्या एका आडबाजूच्या जागी, जिचं सांकेतिक नाव 'पोर्ट एक्स-रे'. आणि कृष्णन यांनी नाटक सुरू केलं. विशाखापट्टणमच्या ठेकेदारांकडे मटण आणि ताज्या भाजीची एवढी मागणी नोंदवली की अख्ख्या विमानवाहू नौकेची पोटं भरावीत. मद्रासला कळवलं की विक्रांत येणार, धक्क्याला जागा ठेवा. तात्यांना हे वाचून दाखवलं तर ते खुर्चीतून पुढेच सरकले. "बरोबर! गुपित फोडूचा असात तर भाजयेवाल्याक सांगूचा. दुसऱ्या दिवशी सगळ्या बंदराक म्हायत."

आणि राजपूतला बाहेर पाठवलं. विशाखापट्टणमपासून सुमारे १६० मैलांवर जायचं आणि वायरलेसवर विक्रांतसारखी बडबड करायची. विमानवाहू नौका म्हणजे तरंगतं गावच, तिचे संदेशही गावाएवढे. रसद, विमानं, सुटे भाग, हवामान. ते सगळं एका विनाशिकेनं बोलायचं. त्यात मुद्दाम एक गाफीलपणाही पेरला होता: आपली आई खूप आजारी आहे, तिची खुशाली कळवा, असा एका खलाशाचा साधा, सांकेतिक लिपीत नसलेला संदेश. ऐकणाऱ्याला वाटावं, चला, चूक सापडली.

दोन्ही मॉडेलं शेजारी ठेवली असती तर राजपूत ३१ सेंटिमीटर आणि विक्रांत ६० च्या पुढे. विक्रांतला सरळ मोकळं डेक, राजपूतला तिरकं धुराडं आणि तोफा. दिसण्यात या दोघींचा संबंध आंधळाही जोडणार नाही. पण समुद्रात कोणी कोणाला बघत नसतं, ऐकत असतं. राजपूतनं सोंग आणलं ते आवाजाचं. नौदलात तेव्हा तिच्या निवृत्तीची चर्चा होती, आणि अशा जहाजाला शेवटची भूमिका मिळाली ती तिच्या कितीतरी पट मोठ्या नौकेची.

गाझी फसली. आधी मद्रासकडे, मग विशाखापट्टणमकडे. पाकिस्तानी सांकेतिक भाषेत या दोन भागांना 'माइक' आणि 'व्हिक्टर' म्हणत. विक्रांत बंदरात आहे असं समजून ती 'व्हिक्टर'मध्ये दबा धरून राहिली, तेव्हा विक्रांत शेकडो मैल दूर होती.

३ डिसेंबर, संध्याकाळ. पाकिस्तानी विमानांनी पश्चिमेकडच्या तळांवर बाँब टाकले. युद्ध सुरू. राजपूत बंदरात परतून तेल भरून घेत होती. तिचे कप्तान लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग यांना सांगण्यात आलं होतं की शत्रूची पाणबुडी आसपास असणार, तेल भरलं की निघा. रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी तिनं धक्का सोडला. किनाऱ्यावरचे मार्गदर्शक दिवे बंद. विशाखापट्टणमचं आतलं बंदर अरुंद खाडीसारखं आहे, बाहेर पडताना उजवीकडे डॉल्फिन्स नोजचा डोंगर अंगावर येतो. मी तिथे बीच रोडवरच्या विजयस्तंभापाशी उभा राहून ते तोंड पाहिलंय. दिवसाढवळ्यासुद्धा मोठं जहाज तिथून निघताना सुईत दोरा ओवावा तसं हळू जातं.

बंदराचा पायलट, म्हणजे जहाजाला बंदराबाहेर काढणारा वाटाड्या, जहाजावर होता. वाटेत इंदर सिंग यांच्या मनात आलं की मी पाणबुडीत असतो तर कुठे थांबलो असतो? अर्थात तोंडाशी. आणि नेमकं तोंडाशीच पायलटला उतरवायला जहाज थांबवावं लागतं. थांबलेलं जहाज म्हणजे पाणतीराला आयतं निशाण. म्हणून त्यांनी आधीच इंजिनं थांबवली, पायलटला होडीत उतरवलं आणि मग जेवढा देता येईल तेवढा वेग देऊन बाहेर मुसंडी मारली. थोड्याच वेळात उजव्या बाजूच्या टेहळ्यानं पाण्यावर खळबळ दिसल्याचं सांगितलं. जहाज वळवलं आणि दोन डेप्थ चार्ज टाकले.

डेप्थ चार्ज म्हणजे दिसायला तेलाचं पिंप. आत सुमारे १३० किलो स्फोटक आणि पाण्याच्या दाबावर चालणारा चाप. किती खोलीवर फुटायचं ते आधी फिरवून ठेवायचं, पिछाडीच्या रुळावरून लोटून द्यायचं, पिंप बुडत जातं, ठरलेला दाब आला की फुटतं. पाणी दबत नाही, त्यामुळे धक्का थेट पोलादावर बसतो. पण उथळ पाण्यात तो तुमच्याही पोलादावर बसतो. म्हणून टाकायचं आणि पळायचं. राजपूत पळाली, स्वतः हादरलीही. काही मिनिटांनी एक प्रचंड स्फोट ऐकू आला. जहाजावरून काही दिसलं नाही. राजपूत तशीच आपल्या कामगिरीवर पुढे निघून गेली.

स्फोट साधारण सव्वाबाराचा. शहरात खिडक्या खडखडल्या. मध्यरात्रीनंतर इंदिरा गांधी रेडिओवर देशाशी बोलल्या, त्याच सुमाराची ही गोष्ट. सकाळी कोळ्यांना समुद्रावर तेल आणि सामान तरंगताना दिसलं, नौदलाचे पाणबुडे खाली गेले, आणि पाणबुडी सापडली. आतले नव्वदहून अधिक लोक, कोणी वाचलं नाही. नौदलाच्या कथनात येतं की तिच्यातून मिळालेलं घड्याळही त्याच वेळेला थांबलेलं होतं.

आता वाद. आपल्या नौदलाचं म्हणणं, राजपूतच्या डेप्थ चार्जनी गाझी गेली. पाकिस्तानचं म्हणणं, ती अपघातानं गेली, बहुधा स्वतःच पेरलेल्या पाणसुरुंगांनी. तिसरा तर्क, बॅटऱ्यांमधून निघालेला हायड्रोजन साठून आतच स्फोट झाला. पुढचा भाग आतून बाहेर फुटलाय, असं सांगितलं जातं. आपल्याकडच्या निवृत्त अधिकाऱ्यांतही एकमत नाही. संबंधित कागदपत्रं नष्ट केली गेल्याची बातमी २०१० मध्ये आली होती. २०२४ मध्ये नौदलाच्या खोल पाण्यातल्या बचाव-यानानं अवशेष पाहिल्याचंही छापून आलं. ते तिथेच ठेवलेत, ते बरंच केलं. ती कबर आहे.

मी इंजिनिअरिंगच्या ड्रॉइंगवाला, युद्धशास्त्रातला नाही. तरी माझं मत सांगतो. अंधारात, एका टेहळ्याच्या नजरेवर टाकलेल्या दोनच पिंपांनी पाणबुडी नेमकी टिपली जाणं शक्य आहे, पण दैव फारच जोरावर लागतं. त्या धक्क्यानं आतले सुरुंग किंवा पाणतीर उडाले असतील, हे जास्त पटतं. हेही चुकीचं असेल. पण समजा राजपूतच्या पिंपांचा काडीचाही संबंध नसेल, तरी गाझी त्या रात्री त्या जागी का होती? विक्रांत तिथे आहे असं तिला वाटलं म्हणून. ते कोणी वाटवलं? पिंपं टाकण्याचं काम काही मिनिटांचं, आणि सगळा वाद त्यावर. सोंगाचं काम कित्येक दिवसांचं, आणि त्याबद्दल वादच नाही. राजपूतच्या नावावर जे लिहिलंय ते तिनं केलं की नाही याची खात्री देता येत नाही, आणि जे तिनं नक्की केलं त्याला एक ओळ. काही वर्षांपूर्वीच्या एका सिनेमानं तर उरलेलं श्रेयही तिच्याकडून काढून एका भारतीय पाणबुडीला देऊन टाकलं. तात्या मध्यंतरातच उठून आले होते.

गाझी बुडाल्याची घोषणा आपण लगेच केली नाही, ९ डिसेंबरला केली. आणि त्याच रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या 'हंगोर'नं आपली 'खुकरी' बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले, १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. पाणबुडीच्या युद्धात आनंद करायला कोणालाही फार वेळ मिळत नाही.

तर साल ठरलं: १९७१. ३ डिसेंबर, रात्री अकरा चाळीस. छद्मरंग नाहीत, साधा राखी. तेव्हा डेप्थ चार्जचा रूळ भरलेला असणार, म्हणून सगळी पिंपं लावतोय. प्लास्टिकच्या बारीक कांडीचे दीड-दोन मिलिमीटरचे तुकडे, एकेक चिमट्यानं. एक उडून सोफ्याखाली गेलं की त्या दिवशीचं काम संपलं. पायलटही ठेवलाय, सुकाणूच्या मंचावर, जेमतेम पाच मिलिमीटरचा होईल एवढा. तो इतरांपासून थोडा बाजूला उभा आहे. दुसऱ्याच्या ऑफिसात आलेला माणूस उभा राहतो तसा.

गंजाच्या ओघळांवरून तात्यांशी भांडण चालू आहे. मी नांगराच्या भोकाखाली आणि पाणी सोडण्याच्या तोट्यांखाली तपकिरी रेषा ओढल्या, सगळे मॉडेलवाले ओढतात. तात्या भडकले. "आमच्या जहाजाक गंज? बोसन जित्तो सोडतलो काय?" त्यांचं म्हणणं, युद्धाला निघालेलं जहाज असो की भंगाराला, खलाशी सकाळी खरवडणार आणि रंग लावणारच. अर्ध्या रेषा पुसल्या. उरलेल्या अर्ध्यांवर तह झाला.

१९७६ मध्ये राजपूत निवृत्त झाली आणि मोडीत गेली. चारच वर्षांनी, ४ मे १९८० ला, काळ्या समुद्रावरच्या पोती बंदरात सोव्हिएत बनावटीची नवी राजपूत नौदलात आली. तिचे पहिले कप्तान गुलाब हिरानंदानी. पुढे व्हाइस ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनीच नौदलाचा १९६५ ते १९७५ चा अधिकृत इतिहास लिहिला, म्हणजे जुन्या राजपूतच्या त्या रात्रीचा काळही त्यात आला. नवीची नोकरी एक्केचाळीस वर्षांची, २१ मे २०२१ पर्यंत. श्रीलंकेत शांतिसेनेच्या वेळी होती, मालदीवच्या कामगिरीत होती, ब्रह्मोस पहिल्यांदा तिच्यावरच चढलं. तिच्यावर कधीतरी वेगळं लिहीन. तिच्या आराखड्यात चार धुराडी आहेत आणि आत्ताच डोळे दुखतात.

एक मदत हवी आहे. शेवटच्या वर्षांतले राजपूतचे जे फोटो मला मिळाले ते सगळे पुढून किंवा बाजूनं काढलेले आणि धुरकट आहेत. मागच्या तोफांच्या आसपास १९७१ मध्ये नेमकं काय होतं, पाणतीरांच्या नळ्यांचे दोन्ही संच होते की एक काढला होता, ते त्यातून कळत नाही. घरात कोणाचे वडील, काका, आजोबा 'राजपूत', 'राणा' किंवा 'रणजित'वर होते आणि जुन्या अल्बममध्ये डेकवर उभं राहून काढलेला एखादा ग्रुप फोटो असेल, तर मागची बाजू दिसते का तेवढं बघा. माणसांच्या चेहऱ्यांवर कागद ठेवून काढलेला फोटोही चालेल. मला त्यांच्या मागची तोफ बघायची आहे.